झेवियर म्हणजे नवे घर

आपल्या कुटुंबात, आपल्या मंडळीत किंवा आपल्या शेजारी झेवियर नावाचे कोणी ना कोणी असेलच. वसई, मुंबई आणि गोवा येथे तर हे नाव नित्याच्या कानावरचे आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली स्थापन झाले, कलकत्त्याचे त्याच्याही आधी, १८६० साली. त्यानंतर देशाच्या कानाकोपऱ्यात या नावाच्या एवढ्या शाळा निघाल्या की, ख्रिस्ती नसलेल्या लाखो घरांतही ते परिचयाचे झाले. परंतु या नावाचा अर्थ काय, ते आले कोठून, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय?

पवित्र शास्त्रात शोधाल तर हे नाव सापडणार नाही. योहान, पेत्र, मार्था, मरिया ही नावे आपल्याला शास्त्राने दिली. काही नावे प्रारंभीच्या ख्रिस्तसभेतील हुतात्म्यांकडून आली. झेवियर हे नाव या दोहोंपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. मुळात ते माणसाचे नावच नव्हते. ते एका घराचे नाव होते आणि एका माणसाच्या जीवनामुळे ते माणसांचे नाव झाले. ते कसे झाले, हे जाणून घ्यायचे तर स्पेनच्या उत्तरेकडील नव्हारा या डोंगराळ प्रांतात जावे लागेल.

नव्हारात आणि त्याच्या आसपास बास्क नावाची एक अतिप्राचीन भाषा बोलली जाते. युरोपातील कोणत्याही जिवंत भाषेशी तिचे नाते जुळत नाही. या भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवे. या दोन शब्दांच्या जोडाला शेजारच्या भाषांच्या तोंडी घासून घासून ‘शाबिएर’ असे रूप आले. अर्थ साधा, नवे घर. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. वसई रोड स्थानकाजवळचे नवघर, उरणचे नवघर ही आपलीच गावे आहेत. नवघरला जो अर्थ, तोच झेवियरला. फरक एवढाच की, आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, आणि तेथे गावाचे नाव तसेच्या तसे घराण्याला लागले.

जुन्या स्पॅनिश भाषेत या नावाच्या आरंभी ‘श’ असा उच्चार होता. कालांतराने स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचा ‘ह’ झाला आणि आज ते ‘हावियेर’ असे म्हणतात. पोर्तुगीजांनी जुना ‘श’ टिकवला, म्हणून गोव्यात आजही ‘शावियेर’ ऐकू येते. इंग्रजांनी त्याचा ‘झेवियर’ केला आणि त्यांच्यामार्फत तेच रूप मराठीत रुळले. असे एकच नाव तीन वाटांनी तीन रूपे घेऊन आले. मात्र त्या सर्व वाटा एकाच उंबरठ्यापासून निघाल्या.

त्या उंबरठ्याच्या आत, हावियेरच्या गढीत, ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस्को या बालकाचा जन्म झाला. वडील हुआन दे हास्सो हे कायदेपंडित असून नव्हाराच्या राजाच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. आई मारिया दे आस्पिलिक्वेता. गढी आईकडून आलेली. फ्रान्सिस्को हे सर्वांत धाकटे अपत्य होते. गढीच्या प्रार्थनामंदिरात अक्रोडाच्या लाकडात कोरलेला एक जुना क्रूसमूर्ती आहे. त्यावरील प्रभूच्या मुखावर वेदना असूनही मंद हास्य आहे. तो आजही तेथे पाहावयास मिळतो.

वाचकहो, ‘नवे घर’ या नावाच्या त्या घरात सुख फार काळ टिकले नाही. १५१२ साली शेजारच्या बलाढ्य राजाने नव्हाराचे राज्य जिंकले. तीन वर्षांनी वडील निवर्तले. १५१६ साली, नव्हाराचे स्वातंत्र्य परत मिळवू पाहणाऱ्यांची घरे मोडून काढावीत असा हुकूम निघाला आणि हावियेरच्या गढीचे बुरूज उतरवण्यात आले, तट पाडण्यात आला, खंदक बुजवण्यात आला. आपल्या घराच्या भिंती सैनिकांच्या हातून कोसळताना पाहणाऱ्या त्या मुलाचे वय तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. थोरले भाऊ मिगेल आणि हुआन लढत राहिले. अनेक वर्षांनंतर, १५२४ मध्ये माफी मिळाल्यावरच ते घरी परतू शकले.

पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्को शिक्षणासाठी पॅरिसला गेले. ते देखणे होते, खेळात तरबेज होते आणि महत्त्वाकांक्षी होते. पडलेल्या घराचा मान आपण विद्येच्या बळावर पुन्हा उभा करू, पांप्लोनाच्या महामंदिरात मोठे पद मिळवू, अशी त्यांची उमेद होती. त्यासाठी आपल्या कुलीनतेचा अधिकृत दाखला मिळावा म्हणून त्यांनी मायदेशी खटपटही केली.

सांत बार्ब महाविद्यालयात पिएर फाव्र नावाचा एक मेंढपाळाघरचा सालस तरुण त्यांच्या खोलीत राहत असे. १५२९ साली त्या खोलीत तिसरा विद्यार्थी आला. त्याचे वय बरेच अधिक होते आणि तो किंचित लंगडत चालत असे. ते होते इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला होता. ते ज्या पक्षाकडून लढले, त्याच पक्षाने हावियेरची गढी पाडली होती; आणि फ्रान्सिस्कोंचे भाऊ विरुद्ध पक्षात होते.

आता विचार करा. ज्यांच्यामुळे आपले घर उद्ध्वस्त झाले, त्यांच्या बाजूचा सैनिक आपल्या खोलीत राहावयास आला, तर आपण काय केले असते? फ्रान्सिस्कोंनीही त्याला सहजासहजी जवळ केले नाही. ते त्याची थट्टा करीत, त्याला टाळीत. परंतु इग्नेशियस यांनी चिकाटी सोडली नाही. त्यांनी या तरुण अध्यापकाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाच्या अडचणीत मदत केली आणि सर्व जग मिळवून आत्मा गमावला तर काय लाभ, हा शुभवर्तमानातील प्रश्न त्याच्यापुढे पुनःपुन्हा ठेवला. अखेर बर्फ वितळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील एका लहानशा मंदिरात सात मित्रांनी दारिद्र्याचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्यांत हे तिघेही होते. यातूनच पुढे येशूसंघ जन्माला आला. फ्रान्सिस्कोंच्या कुलीनतेचा दाखला मंजूर झाला तो १५३६ मध्ये. तोपर्यंत त्यांना त्याची गरज उरलेली नव्हती.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी मिशनरी मागितले, तेव्हा झेवियर यांची निवड झालेली नव्हती. निवड झाली होती बोबादिया या त्यांच्या सहकाऱ्याची. तो आजारी पडला, आणि इग्नेशियस यांनी झेवियर यांना विचारले. झेवियर तत्काळ तयार झाले आणि मार्च १५४० मध्ये रोमहून निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, वयाला पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज सुटले. वाटेत मोझांबिकला अनेक महिने मुक्काम करून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले.

पोप महाशयांचे प्रतिनिधी म्हणून अधिकारपत्र त्यांच्यापाशी होते. त्याच्या बळावर ते कोणत्याही प्रासादात राहू शकले असते. त्यांनी राहण्यासाठी रुग्णालय निवडले. अत्यवस्थ रोग्याच्या खाटेशेजारी ते झोपत. रविवारी शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांकडे जात. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर परवा कोळ्यांमध्ये गेले. या लोकांनी काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, पण त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. झेवियर यांना तमिळ येत नव्हते, आणि आपली मायबोली बास्क असल्याने या लोकांशी बोलणे किती कठीण जाते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, त्या तोंडपाठ केल्या आणि गावोगाव फिरून मुलांकरवी त्या घराघरांत पोहोचवल्या. १५४४ च्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात त्यांनी दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला, असे त्यांच्या पत्रांतून कळते. त्या वेळची त्यांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला बाप्तिस्मा देत, त्याच्या हाती ते त्याचे नवे नाव लिहून देत. ज्या गरीब कोळ्याची कोणी कोठे नोंद ठेवत नव्हते, त्याच्या हाती त्याच्या नावाचा लेख येई.

त्याच सुमारास, आणि पुन्हा १५४८ मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नरांच्या भेटीसाठी ते वसईला आले होते. ‘नवे घर’ हे नाव धारण करणारा हा पाहुणा आपल्या उत्तर कोकणच्या मातीवरूनही चालून गेला, ही गोष्ट वसईकरांना ठाऊक असावी.

पुढे मलाक्का आणि मोलुक्का बेटे झाली. ओळखीचा चेहरा नाही, युरोपातील पत्राला पोहोचावयास वर्ष-दोन वर्षे लागत. या एकांतात त्यांनी एक उपाय शोधला. मित्रांच्या पत्रांखालील त्यांच्या हातच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या आणि आपल्या व्रताच्या लेखासोबत त्या गळ्यात बाळगल्या. ज्यांना घर नसते, त्यांना नावांचा केवढा आधार असतो!

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमध्ये कागोशिमा येथे उतरले. तेथे त्यांच्या हातून एक चूक घडली, आणि तीही नावाचीच. देवासाठी जपानी शब्द कोणता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना ‘दाइनिची’ हे नाव सांगण्यात आले. तोच शब्द घेऊन त्यांनी उपदेश सुरू केला. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, ते तेथील एका बौद्ध पंथाच्या पूज्य बुद्धाचे नाव आहे. त्यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि यापुढे ‘देऊस’ हा शब्द वापरू लागले. जपानी लोकांच्या बुद्धीचा आणि शिष्टाचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. फाटक्या वस्त्रांतील उपदेशकाचे येथे कोणी ऐकत नाही, हे पाहून त्यांनी यामागुचीच्या सरदारापुढे जाताना चांगली वस्त्रे परिधान केली आणि भेटवस्तू नेल्या. सरदाराने त्यांना राहण्यासाठी एक रिकामे बौद्ध मंदिर दिले. गढीत जन्मलेल्या झेवियर यांनी रुग्णालय, कोळ्याची झोपडी, जहाजाचा तळ आणि परधर्मीयांचे मंदिर या सर्वांना आपले घर मानले.

प्रिय वाचकहो, येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५४६ साली मोलुक्कातून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन करण्याची मागणी केली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, सुरू झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याने गोव्याच्या ख्रिस्ती आणि हिंदू लोकांना जे भोगावयास लावले, ते इतिहासात नमूद आहे. देवळे आणि मूर्ती नष्ट होण्यात त्यांना आनंद वाटे, हेही त्यांच्या पत्रांत दिसते. त्याच राजाला पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटीबद्दल खरमरीत शब्दांत जाब विचारणारेही तेच होते. आपण संतांना निर्दोष ठरवण्यासाठी त्यांचे स्मरण करीत नाही. ज्या गढीचे बुरूज सत्तेने पाडले, त्या गढीतील मुलाला दुसऱ्याच्या देवळाची वेदना दिसू नये, याचे दुःख आपण मानले पाहिजे. झेवियर हे नाव धारण करणाऱ्याला त्यांच्या सेवेचा वारसा मिळतो, तसे हे ऋणही मिळते. शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाचा आदर करूनच ते फेडता येईल.

जपानमध्ये असताना त्यांना कळले की, तेथील विद्वान चीनकडे गुरू म्हणून पाहतात. तेव्हा चीनला जाण्याचा त्यांनी निश्चय केला. १५५२ साली ते गोव्याहून निघाले. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांच्यासोबत जाणाऱ्या राजदूताला अडवले, म्हणून ते एकटेच पुढे गेले. चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगचुआन बेटावर, त्यांना गुपचूप पलीकडे नेण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याची वाट पाहत ते थांबले. तो आला नाही. थंडी पडली, ताप चढला. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे, गवताच्या एका झोपडीत, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. जवळ होता तो आंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण. तापाच्या भरात ते आपल्याला न समजणाऱ्या भाषेतही बोलत होते, असे त्याने पुढे सांगितले. ती हावियेरच्या गढीत आईच्या मांडीवर शिकलेली बास्क भाषा असावी, असे मानले जाते. त्यांना युरोपात परत बोलावणारे इग्नेशियस यांचे पत्र १५५३ च्या जून महिन्यात लिहिले गेले. तोवर त्यांना जाऊन सहा महिने लोटले होते.

त्यांचा देह प्रथम मलाक्काला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आला. आज तो जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत आहे. दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्याला सर्व धर्मांचे लोक लोटतात. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. गोव्याचे लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. ज्याला स्वतःचे घर नव्हते, त्याला एका प्रदेशाने आपल्या घराचा धनी मानले.

१२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले आणि तेव्हापासून त्या घराच्या नावाचा प्रवास सुरू झाला. आईवडील मुलांना ‘फ्रान्सिस्को हावियेर’ असे जोडनाव देऊ लागले. पुढे जोडातील पहिला भाग गळला तरी चालू लागले, आणि ‘हावियेर’ हे स्वतंत्र नाव झाले. मुलींसाठी ‘हावियेरा’ झाले, लाडाने हाक मारण्यासाठी ‘हावी’ झाले. जर्मन भाषकांत ते ‘क्साव्हर’ झाले. संगीतकार मोझार्ट यांच्या धाकट्या मुलाचे नाव फ्रान्झ क्साव्हर होते. पोलंडमध्ये ‘क्साव्हेरी’, इटलीत ‘साव्हेरियो’. १९८२ ते १९९१ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव असलेले पेरू देशाचे पेरेझ दे क्वेयार यांचे पहिले नाव हावियेरच होते. इटलीतील फ्रान्सेस्का काब्रिनी या भगिनीने व्रतस्थ होताना ‘साव्हेरिया’ हे नाव जोडून घेतले, कारण झेवियर यांच्याप्रमाणे चीनला जाण्याची तिची आकांक्षा होती. पोप लिओ तेरावे यांनी तिला पूर्वेऐवजी पश्चिमेस धाडले. १८८९ साली ती न्यूयॉर्कला गेली आणि घरदार सोडून आलेल्या स्थलांतरितांसाठी तिने अनाथाश्रम व रुग्णालये उभारली. १९४६ मध्ये ती संत घोषित झाली. ‘नवे घर’ हे नाव तिच्या कार्यात किती शोभून दिसते!

मायदेशातही हे नाव जपले गेले आहे. पाडलेली गढी पुन्हा बांधण्यात आली. दर मार्च महिन्यात नव्हाराचे हजारो लोक पायी चालत तेथे जातात. पांप्लोनाहून निघणारे सुमारे पन्नास किलोमीटर चालतात. ३ डिसेंबर हा नव्हाराचा दिवस आहे, आणि बास्क भाषेचा दिवसही तोच. मायबोलीपासून हजारो कोस दूर मरण पावलेल्या पुत्राच्या स्मृतिदिनी ते लोक आपल्या भाषेचा उत्सव करतात.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांनी गाव सोडले आहे. कोणी भोपाळला, कोणी बंगळूरला, कोणी दिल्लीला स्थायिक झाले आहेत. गावचे घर कोठे पडले आहे, कोठे विकले गेले आहे, आणि मुलांच्या तोंडी मराठी टिकेल की नाही ही चिंता मनाला पोखरते. अशा वेळी आपल्या घरातील झेवियरला हाक माराल, तेव्हा या नावाचा अर्थ त्याला सांगा. पडलेल्या घराचे दुःख उरी बाळगूनही माणूस शत्रुपक्षाच्या सैनिकाशी मैत्री करू शकतो, चूक उमगताच शब्द बदलू शकतो आणि परक्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या हाती त्याचे नाव लिहून देऊ शकतो, हे त्याला सांगा. त्यांच्या हातून घडलेले अनुचितही त्याच्यापासून लपवू नका. आणि ज्या दाराशी कोणी निराश्रित, परप्रांतीय किंवा परधर्मीय उभा राहील, ते दार उघडणे हेच या नावाला जागणे आहे, हे त्याच्या मनावर बिंबवा. झेवियर म्हणजे नवे घर. प्रभू कृपा करो आणि आपली घरे या नावास पात्र ठरोत.